नको, चालतच जाते

लातूर सोडलं त्या सकाळी मला स्टँडपर्यंत चालत जायचं होतं. तेवढी एकच हौस होती. हैदराबादची एसटी, तिथून विमान, आणि विमान उतरेल तिथून पुढं हॉलंडमधलं एक शहर, ज्याचं नाव अप्पांना अजूनही नीट घेता येत नाही. मोठी बॅग माझा चुलतभाऊ शिवा मोटरसायकलवर आडवी टाकून आधीच घेऊन गेला होता. माझ्या खांद्याला फक्त पर्स. घरातून निघायचं, गोलाईला, म्हणजे गावच्या गोल बाजारपेठेला, अर्धा वळसा घालायचा, भांड्यांची, कापडाची, पूजेच्या सामानाची दुकानं उघडताना बघायची आणि स्टँड गाठायचं, असा माझा बेत. शाळेत असताना रोज तुडवलेली ती वाट एकदा पायाखालून घालावी आणि मग जावं, इतकंच.

"पायी कशाला?" अप्पा म्हणाले. माझ्या वडिलांचं हे कायमचं वाक्य. "लोक म्हणतील, पोरगी परदेशाला चालली अन् बापानं साधी रिक्षा केली न्हाई."

तरी मी निघाले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, अशा थाटात अप्पा शेजारी. गल्लीचं तोंड ओलांडायच्या आत पहिली जीप थांबली. शेजारचे वकीलसाहेब. "बसा की अप्पा, स्टँडलाच निघालाव न्हवं?" मी म्हणाले, नको हो, चालतच जाते. त्यांना वाटलं, बापलेकीत काहीतरी बिनसलंय. थोडं पुढं माझ्या शाळेतल्या बाई स्कूटीवरून थांबल्या. नको बाई, चालतच जाते. बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

तिसरे रहीमचाचा. आमच्या भांड्यांच्या दुकानाला लागून त्यांचं टेलरिंगचं दुकान. माझ्या पहिल्या फ्रॉकपासून कॉलेजच्या पंजाबी ड्रेसपर्यंत सगळं त्यांच्याच मशीनखालून गेलेलं. त्यांनी स्कूटर आमच्या पुढ्यात आडवीच घातली. "क्या बेटा, पैदल कायकू जारई? मैं मर गया क्या?" यावर नको म्हणण्याची माझी काय बिशाद! तर मी माझं गाव सोडलं ते ट्रिपल सीट. पुढं चाचा, मधे मी, मागं धोतर सावरत अप्पा. ज्या गोलाईला मला डोळे भरून बघायचं होतं ती चाचांच्या खांद्यावरून भर्रकन निघून गेली. स्टँडवर उतरल्यावर मला रडू फुटलं. दोघांनाही वाटलं, गाव सुटतंय म्हणून पोरगी रडतेय. खरं तर मला त्या दोघांचा राग आला होता.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी. तुम्ही जे तिथंच राहिलात, रोज गोलाईत कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर बसून जाता. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, कुणी आणखी कुठं, आणि आता कुणी गाडी थांबवत नाही. दोघांना एकच गोष्ट सांगायची आहे, फक्त दोघांना ती वेगवेगळी ऐकू येईल.

आपल्याकडं चालत निघालेला माणूस म्हणजे अडचणीत सापडलेला माणूस, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी पंक्चर झाली असेल, पेट्रोल संपलं असेल, घरात काही झालं असेल. ओळखीचा चेहरा पायी दिसला की ब्रेक दाबायचा, मागची सीट थोपटायची आणि "बसा" म्हणायचं. न थांबता गेलात तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, "आमच्या पुढून गेला, पण गाडी हळू केली न्हाई." आणि थांबलेल्याला नको म्हणालात तर त्याहून वाईट. तो महिनाभर विचार करतो की आपलं काय चुकलं.

लहानपणी मला ही निव्वळ खोड वाटायची. मग एकदा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, सांगितलं. अप्पांचं गाव अहमदपूर आणि लोहा यांच्या मधलं. तरुणपणी ते डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायचे. आज लोह्याला, परवा अहमदपूरला, सगळं पायी. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका. वाटेत एखादा बैलगाडीवाला थांबला आणि "टाका गाठोडं" म्हणाला, तर त्या माणसाचं नाव अप्पा आयुष्यभर विसरले नाहीत. पुढं लातूरला दुकान झालं, लूना आली, स्कूटर आली. चालणं त्यांनी हौसेनं सोडलं नव्हतं, ते त्यातून सुटले होते. गोलाईतल्या निम्म्या दुकानदारांची हीच कथा. त्यामुळं कुणी पायी दिसला की त्यांना राहवत नाही.

आणि अशा बापाची मी पोरगी, लोकांनी चालावं म्हणून रस्ते आखायचं काम करते.

नांदेडला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, पुढं पुण्याला प्लॅनिंग शिकले, आणि आता इथं एका ऑफिसात बसून नव्या वसाहती आखते. शाळा घरापासून इतक्या जवळ हवी की पोरं आपली आपली जातील. भाजीचं दुकान कोपऱ्यावर हवं. सायकलचा रस्ता मोटारीच्या रस्त्यापेक्षा सरळ हवा, म्हणजे माणसाला आपोआप सायकल काढावीशी वाटेल. म्हाताऱ्या माणसाला दम लागायच्या आत पुढचं बाकडं यायला हवं, आणि बाकड्याला हात टेकून उठता येईल असे दांडे हवेत. इथं एक प्रकारचा रस्ता असतो, त्याला वूनर्फ म्हणतात. घरांच्या मधला रस्ता, पण तो मोटारींचा नव्हे, राहणाऱ्यांचा. पोरं मधोमध खेळतात, मोटारी दबकत जातात. मला तो शब्द पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा मी म्हणाले, म्हणजे अंगणच की. पण अंगण म्हणजे काय ते कळेल असं इथं कुणी नव्हतं.

मी राहते ती वसाहत आमच्याच ऑफिसनं आखलेली. काही बाकड्यांच्या जागा तर मी ठरवलेल्या. रस्ते स्वच्छ, सपाट, दोन्हीकडं झाडं. सकाळी लोक चालतात, पळतात, फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, कामाला जातात. समोरून येणारा "होइ" म्हणतो, मी "होइ" म्हणते, आणि आम्ही एकमेकांना ओलांडून जातो. कुणी वाईट नाही. कुणी तुसडं नाही. फक्त कुणी थांबत नाही.

आल्या आल्या मी एक घोळ घातला. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्रूस नावाची म्हातारी बाई राहते. एकदा बाजारातून येताना ती दिसली, चाकाची पिशवी ओढत, वाऱ्यात वाकून चाललेली. मी सायकलवर होते. माझा पाय ब्रेकवर गेलाच, इथं सायकलचा ब्रेक पायडलमध्येच असतो. मी थांबले, मागचं कॅरिअर थोपटलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाले, बसा. त्रूस जागच्या जागी उभी राहिली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिची पिशवी हिसकावतेय. मग म्हणाली, "मी इतकी म्हातारी दिसते का?" आणि ताठ मानेनं निघून गेली. पुढं कित्येक दिवस जिन्यात भेटली तरी "होइ" सुद्धा नाही. ऑफिसात मी हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र फार एकटं वाटलं. आपल्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट आपण पुढं करावी आणि समोरच्यानं ती अपमान म्हणून घ्यावी, असं झालं होतं. त्यानंतर मी कुणासाठी सायकल थांबवली नाही.

मी एकटीच राहते. लग्न राहून गेलं ते गेलं. अव्वा मी इकडं यायच्या आधीच गेली होती. लातूरला अप्पा एकटे, दुकान आता शिवा बघतो. त्यामुळं जे काही घर माझ्या वाट्याला उरलं होतं ते फोनच्या पडद्यावरचे अप्पा.

मग अप्पांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. साखर भयंकर वाढलेली. अंगठा कसाबसा वाचला. डॉक्टरांनी बजावलं, आता रोज सकाळी चालायचं, बूट घालून चालायचं, अनवाणी अंगणातही फिरायचं नाही. साखर आटोक्यात आली नाही तर पुढच्या खेपेला पाय वाचेलच याची खात्री नाही.

मी रोज फोन करून विचारायचे, आज चाललात का?

"निघालो होतो," अप्पा म्हणायचे.

"मग?"

"मग काय, शिवा थांबला."

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब थांबलेले असायचे. तिसऱ्या दिवशी रहीमचाचा. बिचारे अप्पा कॅनव्हासचे बूट घालून इमानदारीनं घरातून निघायचे आणि कोपऱ्यावरच कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून गोलाईत पोचायचे. तिथं पोचलं की चहा. दुसरा भेटला की आणखी एक चहा. म्हणजे चालायला निघाल्यापासून त्यांची साखर वाढतच चालली होती. रस्त्याला फुटपाथ म्हणायला होता, पण त्याच्यावर दुकानांच्या पायऱ्या उतरलेल्या आणि उरलेल्या जागेत गाड्या लावलेल्या.

मी शिवाला फोन केला. म्हटलं, सगळ्यांना सांग, अप्पांसाठी कुणी थांबायचं नाही. पायाचा प्रश्न आहे.

"अक्का, तू म्हणायलीस ते खरं हाय," शिवा म्हणाला. "पर अप्पाला बघून पुढं कसं जावं? पायच ब्रेकवर जातो."

मी संतापून फोन ठेवला. अख्ख्या गावाला चालायला लावायचा पगार मी घेते आणि माझा बाप कोपऱ्यापर्यंत चालू शकत नाही, तेही कुणाच्या वैरामुळं नाही, प्रेमामुळं! त्या दिवशी मी ठरवलं, अप्पांना इकडं आणायचं. इथं त्यांना कुणी उचलणार नाही.

ते उन्हाळ्यात आले, तीन महिन्यांसाठी. पहिल्या सकाळी मी त्यांना बाहेर घेऊन गेले तेव्हा ते रस्त्याकडं बघतच राहिले. "एवढं सारवून सुरवून कुणाचं लग्न हाय?" त्यांनी विचारलं. मी बाकडं दाखवलं, म्हटलं, याची जागा मी ठरवली. अप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला, बसून बघितलं, दांडा धरून उठून बघितलं. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणाला तरी सांगायचं होतं त्यांना, की हे माझ्या पोरीनं केलंय. रस्त्यावर कुणी नव्हतं.

अप्पा चालायला लागले. सकाळी आणि संध्याकाळी, धोतर, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. साखर उतरली. अंगठ्याचा रंग बदलला. मी त्यांचे रिपोर्ट बघून ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. पण खरा आनंद वेगळाच होता. संध्याकाळी मी सायकल लावून वर बघायचे तर माझ्या खिडकीत दिवा लागलेला असायचा. इतकी वर्षं त्या घरात मीच जाऊन दिवा लावत होते. आता दार उघडलं की पिठल्याचा वास आणि आतून "आलीस का माय?" मी गुपचूप चौकशी सुरू केली, वडिलांना कायमचं जवळ ठेवता येईल का, काय कागद लागतात.

अप्पा वाटेत दिसेल त्याला हात जोडून "शरणार्थी" म्हणायचे, हा आम्हा लिंगायतांचा नमस्कार. लोक हसून "होइ" म्हणायचे आणि पुढं जायचे. अप्पा प्रत्येकासाठी थोडे हळू व्हायचे. समोरचा हळू झाला नाही की पुन्हा चालायला लागायचे. संध्याकाळी मला विचारायचे, "ती लाल टोपीवाली बाई कोण?"

"माहीत नाही, अप्पा."

"रोज दिसती की."

"हो, मलाही दिसते."

"तुझ्या गल्लीतली हाय अन् तुला माहीत न्हाई?" ते चिडवत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं.

दोन महिने झाले तसे ते कमी बोलायला लागले. एका संध्याकाळी मी आले तर दिवा लागलेला नव्हता. अप्पा बूट घालून, नाड्या बांधून खिडकीशी खुर्चीत बसलेले. सकाळपासून गेलेच नव्हते. मी विचारलं, बरं नाही का?

"बरा हाय," ते म्हणाले. मग बुटांच्या नाड्या सोडत, "माय, इथं मी लई चाललो. पर कुठंच गेलो न्हाई."

मी शेजारी जमिनीवर बसले. ते बाहेर बघत म्हणाले, "रस्ता लई चांगला हाय. तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा न्हाई. पर 'कुठं निघालाव' म्हणून कुणी इचारलंच न्हाई, तर आपण कुठं निघालोत ते आपल्याला तरी कसं कळावं?"

तेव्हा मी बोलून टाकलं. म्हटलं, अप्पा, राहा ना. मला इथं कुणी नाही. असं मी त्यांना याआधी कधी म्हटलं नव्हतं. फोनवर मी नेहमी मजेत असायचे.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी राहायचं मनात हाय गं," ते म्हणाले, "पर मला इथं ऱ्हाताच येईना." त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

मी रजा काढून त्यांना सोडायला गेले. विमानातच त्यांना बजावलं, तिथं चाललात तर ठीक, नाहीतर पाय जायच्या आत मी तुम्हाला परत घेऊन येणार, मग रडलात तरी ऐकणार नाही. त्यांनी मुकाट्यानं मान हलवली. मला पक्कं ठाऊक होतं की लातूरला कुणी त्यांना चालू देणार नाही. म्हणजे ते परत माझ्याकडं येणार. काळजी आणि आशा अशा एकमेकींत मिसळल्या होत्या की कुठली कुठं संपते ते मलाच कळत नव्हतं.

आणि झालंही तसंच. पहिल्या सकाळी वकीलसाहेब, दुसऱ्या सकाळी शिवा. "हालंडला लई चाललाव म्हणं, आता आराम करा."

मग श्रावणातला सोमवार आला. अप्पा सिद्धेश्वराला पाणी घालायला निघाले. हातात पाण्यानं भरलेला तांब्याचा तांब्या, वर बेलाची पानं, गळ्यात लिंग, धोतराखाली डॉक्टरांचे कॅनव्हासचे बूट. मी मागं मागं. कोपऱ्यावर वकीलसाहेबांची जीप आली आणि हळू झाली. मी मनात म्हटलं, झालं. पण त्यांची नजर तांब्यावर गेली. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून जोडले, अप्पांना पुढं जाऊ दिलं आणि बऱ्याच अंतरावरून वळसा घालून गेले. पुढं शाळेतल्या बाई. त्यांनीही स्कूटी बाजूला घेतली, नमस्कार केला, गेल्या. मग खुद्द शिवा. त्याचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला होता. तांब्या दिसला तसा त्यानं छातीला हात लावला आणि गाडी काढली.

महादेवाला पाणी घेऊन निघालेल्या माणसाला आमच्याकडं कुणी गाडीवर घेत नाही. त्यानं पायीच जायचं, पाणी न सांडता जायचं, आणि मधून परत फिरायचं नाही. अव्वा दर श्रावणात अशीच जायची. जन्मभर बघितलेली गोष्ट, पण त्या दिवशी मी ती माझ्या कामाच्या डोळ्यांनी बघितली. मोटारी हळू व्हाव्यात म्हणून तिकडं आम्ही रस्ते अरुंद करतो, उंचवटे घालतो, वळणं देतो. इथं फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून माझा म्हातारा बाप एक तांब्या घेऊन चालला होता आणि गोलाईची सगळी वर्दळ त्याला वाट करून देत होती. देवळापर्यंत त्यांना एकदाही थांबावं लागलं नाही.

अप्पा पिंडीवर पाणी घालून बाहेर आले आणि पायरीवर टेकले. मी शेजारी बसले. उपाय मला दिसला होता. मी गप्प राहिले असते तर काही महिन्यांत माझ्या खिडकीत पुन्हा दिवा लागला असता. पण त्यांच्या बुटातल्या त्या अंगठ्याकडं माझं लक्ष गेलं, आणि मी म्हटलं, अप्पा, तांब्या रोजच घ्या.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. पण आवडलं नाही. "चालण्यापायी देवाला मधी घ्यायचं? फसवणूक हाय ती."

"मग फसवू नका. रोज खरोखर पाणी घाला."

अप्पा विचारात पडले. "अन् एकदा तांब्या हातात घेतला की मधून फिरता येत न्हाई. पार इथपर्यंत यावं लागंल."

"हो."

"पाऊस असो, कटाळा येवो."

"हो, अप्पा."

ते माझ्याकडं बघून हसले. कितीतरी दिवसांनी. "लई बेरकी हायस," म्हणाले.

पंचाईत झाली ती रहीमचाचांची. दुसऱ्या सकाळी ते नेहमीसारखे स्कूटर घेऊन आले, बघतात तर अप्पांच्या हातात तांब्या. बसा म्हणता येईना आणि मित्राला सोडून पुढंही जाता येईना. शेवटी त्यांनी स्कूटरचं इंजिन बंद केलं आणि ती ढकलत अप्पांच्या शेजारून चालायला लागले. देवळापर्यंत ढकलली. घामाघूम. "यार, कल से ये गाडी घर पे," म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसापासून चाचाही पायी. अप्पा आत पाणी घालतात, चाचा बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. परत येताना मात्र शिवा मोटरसायकल घेऊन फाटकाशी हजर असतो, कारण तेव्हा तांब्या रिकामा असतो. मागं अप्पा, त्यांच्या मागं चाचा, ट्रिपल सीट. तेवढं मी चालवून घेतलं.

मी परत निघाले ती वेळ नेमकी त्यांच्या देवळाच्या वेळेची होती. हैदराबादची तीच सकाळची एसटी. आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर आलो. तिथून सिद्धेश्वर एकीकडं आणि स्टँड दुसरीकडं. अप्पांच्या हातात भरलेला तांब्या, त्यामुळं मला त्यांच्या पायांना हात लावायचा होता तोही जपून लावावा लागला. "पोचलीस की फोन कर," म्हणाले, आणि निघाले. चाचा त्यांच्या शेजारी. मी बघत उभी राहिले. अप्पांनी मागं वळून बघितलं नाही. पाणी सांडलं असतं.

मागं वकीलसाहेबांची जीप थांबली. "स्टँडला ना? बस माय." मी मुकाट्यानं बसले. या खेपेला नको म्हणायला तोंडच उघडलं नाही.

आता अप्पांची साखर ठीक असते. अंगठा ठीक आहे. ते परत इकडं येणार नाहीत, यायचं कारणच उरलेलं नाही, आणि ते कारण मीच माझ्या हातानं काढून टाकलं. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. दुःख होतं, ते वेगळं. संध्याकाळी सायकल लावताना मी अजून वर बघते. खिडकी अंधारी असते, मी जिना चढते, दिवा लावते.

मध्यंतरी त्रूस जिन्यात थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन. म्हणाली, "तुझे वडील दिसत नाहीत. ते मला रोज असे हात जोडायचे." तिनं पिशवी खाली ठेवून हात जोडून दाखवले. मी सांगितलं, ते घरी गेले. "घरी," ती म्हणाली, मान हलवली, पिशवी उचलली आणि वर गेली. मी तिथंच जिन्यात थोडा वेळ रडले.

तुमच्यापैकी जे निघून आलात ते विचारतील, मग आता तुझं घर कुठलं? मी इथले रस्ते आखते, इथल्या झाडांची नावं मला येतात, कर इथंच भरते. पण घर म्हणाल तर मला आता एकच खूण सांगता येते. माझ्या 'नको'ला जिथं कुणी भीक घालत नाही, ते घर. जिथं मी सांगितलं की मला एकटीनं चालायचंय आणि एक म्हातारा शिंपी स्कूटर आडवी घालून मला ते करू देत नाही. त्याचा मला तेव्हा किती राग आला होता! आणि जे तिथं राहिलात त्यांना एवढंच सांगते, अप्पांच्या हातात तांब्या नसेल तेव्हा थांबत जा.

गेल्या रविवारी सकाळी मी फिरायला निघाले तेव्हा अप्पांचा फोन आला. तिकडं दुपार होत आलेली, ते चाचांच्या दुकानात बसलेले, मागं मशीनचा आवाज. आता तांब्या घेऊन आणखी दोघं-तिघं यायला लागलेत, असं सांगत होते. चाचांनी फोन ओढून घेतला. "बेटा, खाना खाई? अकेली कायकू फिररई?" मग पलीकडं कुणी गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवला.

मी चालत राहिले. माझ्या बाकड्यापाशी आले असेन, तेवढ्यात मागून एक सायकल आली आणि माझ्या अगदी जवळ हळू झाली. माझे पाय थांबले. मान वळली. आणि मराठीतच, मोठ्यानं, तोंडातून निघून गेलं, "नको हो, चालतच जाते."

तो पुढच्या वळणासाठी हळू झाला होता. "होइ," म्हणाला, आणि वळून गेला.